वार्ताफलकावरचं युद्ध

प्रिय रेवा आणि निषाद,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर रेवानं मला विचारलं, "आजी, तू जगाचा इतिहास शिकवायचीस तेव्हा कुठल्या वेबसाइट वापरायचीस?" तिच्या बाईंनी वर्गाला वेबसाइटची मोठी यादी दिली होती आणि त्यातली कुठली चांगली, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी म्हणाले, "माझी एकच होती, आणि तिच्यापायी अल्लीपूरच्या एका घरातली माणसं उन्हाळाभर ओट्यावर झोपली." तुम्ही दोघं हसलात, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि कॉल संपला. ते वाक्य तसंच अर्धवट राहिलं. या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या गेल्या, तेव्हा ठरवलं की तेच पूर्ण करावं. आई वाचून दाखवील. इतरांनी वाचलं तर वाचलं.

तुम्हाला माहीत आहे, मला सगळं जागच्या जागी लागतं. डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटात कप्पे. वर्गातही तसंच. इतिहासाच्या शिक्षकाचा धंदा म्हणजे तरी काय? कशामुळे काय झालं, ते क्रमानं सांगायचं. परीक्षेत आम्ही दोनच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो: कारणे लिहा आणि परिणाम सांगा. नोकरीभर मुलांकडून मी ते लिहून घेतलं. पण जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा गोंधळ दिसला तर तो तुमचा समजू नका.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, इतिहासात एम.ए. केलं आणि वर्ध्याच्या कापडदुकानदारांच्या घरात लग्न होऊन आले. सासरी सगळे मापात आणि भावात बोलणारे. मला अल्लीपूरच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा तुमचे पणजोबा म्हणाले होते, "मेलेल्या राजांचं काय शिकवायचं असते?" ते थट्टेनं म्हणाले, पण उत्तर मला तेव्हाही नीट देता आलं नाही. रोज सकाळी वर्ध्याहून एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत यायचं. दुतर्फा कपाशी. ऑक्टोबरनंतर ती फुटायची आणि बसच्या खिडकीतून आतपर्यंत पांढरे धागे यायचे.

नव्वदच्या दशकात जगाचा इतिहास शिकवणं म्हणजे न पाहिलेल्या गावाचा रस्ता सांगणं होतं. आमच्याकडे एक पाठ्यपुस्तक, बाजारात मिळणारी गाईडं आणि जगाचा एक नकाशा. त्या नकाशात सोव्हिएत युनियन शाबूत होतं. ते मोडून बरीच वर्षं झाली तरी आमच्या भिंतीवर ते गुलाबी रंगात पसरलेलंच होतं. मुलं नकाशावर विश्वास ठेवायची, माझ्यावर नाही. "मॅडम, हे काय, दिसून राह्यलं ना!" म्हणायची. धड्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाला जेमतेम एक परिच्छेद होता. उत्तरेकडची राज्यं, दक्षिणेकडची राज्यं, गुलामगिरी, संपलं. मुलं तो पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. मीही त्यांना दोष देत नव्हते.

मग वर्ध्यात इंटरनेट कॅफे निघाले. आमच्या दुकानाच्या गल्लीतच एक होता, प्रवीण नावाच्या तरुणाचा. प्लायवूडच्या आडोशांत चार कॉम्प्युटर, वर पंखा, दाराला पडदा. मी पहिल्यांदा पडदा बाजूला केला, तेव्हा आतली दोन पोरं उठून पळाली. त्यांना वाटलं, कोणाची तरी आई आली. प्रवीण म्हणाला, "मॅडम, तुम्ही आले की माझं गिऱ्हाईक पळते. तुम्ही रविवारी सकाळीच येत जा." तेव्हापासून रविवार सकाळ माझी ठरली.

पहिल्याच दिवशी मी फ्रेंच राज्यक्रांती शोधली आणि अत्तराचं दुकान निघालं. दुसऱ्या खेपेला रोमन साम्राज्य मागितलं, तर कुठल्याशा हॉटेलात खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं. एकेक पान वरून खाली उतरायला इतका वेळ लावायचं की मी विणकाम घेऊन जाऊ लागले. पण एका रविवारी शिक्षकांसाठी चालवलेली एक वेबसाइट सापडली. अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजानं बनवलेली होती. जुने खलिते, वर्तमानपत्रांचे उतारे, छायाचित्रं, आणि प्रत्येकाखाली मुलांना विचारायचे प्रश्न. मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले. एम.ए.ला असताना ज्या कागदांची फक्त नावं तळटीपांत वाचली होती, ते कागद वर्ध्याच्या गल्लीत प्लायवूडच्या आडोशात माझ्यासमोर उघडे पडले होते.

गोंधळही तिथूनच सुरू झाला. पुस्तकात एक युद्ध एका कारणानं होत असे. इथं त्याच युद्धाला एका पानावर एक कारण, दुसऱ्या पानावर दुसरं, आणि दोन्ही पानं विद्वानांनी लिहिलेली. मी पानं छापून शाळेत न्यायची आणि मुलं विचारायची, "मंग मॅडम, पेपरात कोन्तं लिहाचं?" मी म्हणायची, "पुस्तकातलं." "आन खरं कोन्तं?" यावर मी फळा पुसायला लागायची.

आमच्या मुख्याध्यापकांना वेगळीच काळजी होती. सर नेक माणूस, पण शिक्का असल्याशिवाय कागदावर त्यांचा विश्वास बसत नसे. पहिली छापील पानं पाहून ते म्हणाले, "मॅडम, सगळं ठीक आहे, पण याची जबाबदारी कोणाची? उद्या साहेब आले आणि विचारलं, हे कोणी लिहिलं?"

"सर, अमेरिकेतल्या कॉलेजानं."

"त्यांची सही कुठं आहे?"

सही नव्हती. तेव्हा सरांनी स्वतःच मार्ग काढला. दाखल्यांच्या प्रतींवर मारतात तसा 'सत्यप्रत' असा शिक्का प्रत्येक पानावर मारून ते खाली सही करू लागले, आणि बाजूला शाळेचा गोल शिक्का. अब्राहम लिंकनचं भाषण अल्लीपूरच्या मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलं. तेव्हा मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं आणि आम्ही खूप हसलो.

आता वैशाली. ती दहावीत होती. शेवटच्या बाकावर बसायची, कारण उंच होती. अक्षर वळणदार, म्हणून शाळेचा वार्ताफलक तिच्याकडे. तुम्हाला वार्ताफलक माहीत नसेल. आमच्या शाळांच्या फाटकाजवळ एक काळा फळा असतो. वर्तमानपत्रातल्या दोन-चार ठळक बातम्या रोज त्याच्यावर खडूनं लिहायच्या आणि उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालायची. तो फळा मुलांसाठी असतो, पण तेव्हा घरोघरी वर्तमानपत्र येत नसे, त्यामुळे शेतावर जाता-येता गावही तोच वाचायचं. मी बसमधून उतरले की कोणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, आज काय लिवलं?"

वैशालीला अकरावीला हिंगणघाटला जायचं होतं. तिचे वडील दौलतराव शेतकरी. गावात त्यांच्या शब्दाला वजन. पोरीवर जीव होता, पण कॉलेजचं म्हटलं की म्हणायचे, "दहावी केली ना? आता पुस्तकानं काय पीक वाढते काय?" नाही असंही म्हणत नव्हते आणि हो असंही नाही. वैशाली मला म्हणाली होती, "मॅडम, बाबाले एकदा तरी दिसलं पाह्यजे का शिकून काही कामाचं होते. मंग ते जाऊ देतीन."

त्या हिवाळ्यात मला त्या वेबसाइटवर एक पान मिळालं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस बंदरांत अडकला, विलायतेच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि व्यापारी हिंदुस्थानातल्या कापसाकडे वळले. कुठल्या कापसाकडे? त्या पानावर इंग्रजीत स्वच्छ छापलेलं होतं: हिंगणघाट. मी खुर्चीतून उठलेच. प्रवीणला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आपलं हिंगणघाट? तिकडं काऊन गेलं?" मी छापायला सांगितलं, पहिलं पान बाहेर आलं आणि वीज गेली. भारनियमन. पुढची पानं राहून गेली.

ते एक पान मी वर्गात वाचलं तेव्हा वर्ग पहिल्यांदा जागा झाला. त्यांच्या आजोबाच्या आजोबानं पिकवलेला कापूस लिंकनच्या गोष्टीत होता! वैशालीनं त्यातला परिच्छेद मराठीत उतरवला आणि विचारलं, "मॅडम, फलकावर लिहू?" त्या दिवशी वर्तमानपत्र उशिरा आलं होतं, फळा रिकामाच होता. मी म्हटलं, लिही. तिनं आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'अमेरिकेत युद्ध. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाला मागणी. भाव चढले.' आणि रोजच्या सवयीनं उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. त्या दिवसाची.

हे कुठल्या वर्षी झालं ते सांगायला हवं: दोन हजार तीन. अमेरिका इराकवर चाल करून जाणार, असं तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होतं. आमच्या त्याच फलकावर आदल्या दिवशीही तेच लिहिलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. ज्यांचा कापूस घरात होता, त्यातल्या बऱ्याच जणांनी गाडी जुंपायचं थांबवलं. सर्वांत आधी दौलतरावांनी. त्यांच्या दोन खोल्या कापसानं छतापर्यंत भरलेल्या होत्या आणि त्याच आठवड्यात तो विकायचा होता. पोरीनं स्वतःच्या हातानं बातमी लिहिली म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायची गरजच उरली नाही.

मला हे कळलं तेव्हा मी वैशालीला घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "दौलतराव, ती लढाई आताची नाही. फार जुनी. तुमच्या-आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची."

"मंग तारीख काऊन कालची हाय?"

"ती सवयीनं घातली."

"आन हिंगणघाटचं नाव खोटं हाय?"

"नाव खरं आहे."

"अमेरिका लढाई करून राह्यली हे खोटं हाय?"

"तेही खरं आहे, पण..."

"मंग खोटं काय हाय ते सांगा ना मॅडम." त्यांनी छापलेलं पान मागितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी पान उलटसुलट केलं आणि खालच्या गोल शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. सत्यप्रत. हेडमास्तरची सही. अजून काय पाह्यजे?"

त्याच दिवशी मी फलकावर खुलासा लिहून घेतला: कालची माहिती इतिहासातील आहे, बातमी नाही. त्याचा परिणाम असा झाला की पारावरची मंडळी म्हणू लागली, खरं लिहिलं होतं म्हणून वरून दाबलं. व्यापारी शाळेत येऊन गेले असतील. ज्यांना आधी शंका होती, त्यांचीही गेली.

मार्च आला. वैशालीची परीक्षा झाली आणि परीक्षेच्याच दिवसांत इराकमध्ये लढाई सुरू झाली. दौलतराव मला बसथांब्यावर भेटले आणि विजयानं म्हणाले, "झाली ना सुरू?" भाव मात्र हलेना. एप्रिलचं ऊन तापलं. तुम्ही कापसाच्या घरात कधी राहिला नाहीत. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि माणसाच्या अंगावर खाज उठते. ठिणगीच्या भीतीनं घरात चूल पेटवता येत नाही. त्यांची चूल अंगणात आली, माणसं ओट्यावर झोपू लागली. दौलतरावांच्या आई, वैशालीची आजी, दिवसभर हात खाजवत बसायच्या आणि नातीला ऐकवायच्या, "तुह्या अमेरिकेनं माह्यी कातडी सोलली वो! जाय, आता तुह्या नेटलेच सांग खाजवाले." वैशाली हसायची नाही. ती मला म्हणाली, "मॅडम, भाव नाई चढला तं बाबा मले परत पुस्तकाले हात लावू देनार नाई. शिकून काय होते, हे दिसलं पाह्यजे म्हनत होती ना मी? आता हेच दिसून राह्यलं."

त्या रविवारी मी प्रवीणकडे जाऊन राहिलेली पानं छापून आणली. त्यांत पुढचा भाग होता: युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला आणि इकडचे भाव कोसळले. मला हायसं वाटलं. हे ऐकल्यावर तरी माणूस विकून टाकेल. सरांचा शिक्का न घेता मी ती पानं थेट त्यांच्या ओट्यावर नेली आणि वैशालीनं वाचून सांगितली.

दौलतरावांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "ते लढाई संपाले किती साल लागले?"

"चार," वैशाली म्हणाली.

"मंग आता कोठी संपली? अजून लय टाईम हाय."

आजी ओरडल्या, "चार साल! अरे दौलत, तवर मी राहीन काय खाजवाले?"

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना विचारलं, भाव खरंच चढेल का? ते कापसाच्या कापडात जन्म घालवलेले. म्हणाले, "चढेलही. नाहीही." मी वेबसाइटवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की युद्धानं शेतमाल महाग होतो. दुसरीकडे, युद्धानं मागणी घटते. ज्या यंत्रानं माझा नकाशा, माझं पुस्तक, सगळं जुनं ठरवलं होतं, त्याला अल्लीपूरच्या दोन खोल्यांबद्दल काही सांगता येत नव्हतं. आणि मलाही. कारणे लिहा म्हणून मी हजारो उत्तरं तपासली होती, पण सगळी घडून गेलेल्या गोष्टींची. न घडलेल्या गोष्टीचं एकही कारण मला येत नव्हतं.

मग भाव चढला.

मेच्या शेवटी, पेरणीची घाई सुरू होण्याच्या आधी, तो वर सरकला. फार नाही, पण बोलण्याइतका. दौलतरावांनी दोन्ही खोल्या रिकाम्या केल्या. वैशालीचा निकालही चांगला लागला आणि ती दोघं पेढे घेऊन वर्ध्याला आमच्या घरी आली. दौलतराव बैठकीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मानलं तुमच्या इतिहासाले. हिचं नाव हिंगणघाटले टाकतो. दर हप्त्याले नेट पाह्यजो म्हनलं, आन मले सांगजो ठेवाचा का इकाचा."

मी वैशालीकडे पाहिलं. तिला जे हवं होतं ते समोर होतं. गप्प बसायचं, एवढंच काम. मला वाटलं, मी बोलायला हवं. मला हेही वाटलं, मी बोलू नये. तीस वर्षं खरं काय ते सांगायचा पगार घेतलेली बाई पेढ्याकडे पाहत बसली.

वैशालीच बोलली. "बाबा, भाव लढाईनं नाई चढला. ते लढाई वेगळी व्हती. जुनी."

"मंग कशानं चढला?"

"मले मालूम नाई."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा मॅडम."

"मलाही माहीत नाही, दौलतराव."

"नेटवर हाय काय?"

"नाही."

त्यांचा चेहरा उतरत चालला होता आणि वैशालीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मग ते एकदम तिच्यावर डाफरले, "वा बाप्पा! हिले मालूम नाई, मॅडमले मालूम नाई, त्या मशीनले मालूम नाई. एकट्या मले मालूम हाय, आन मीच चूक?"

"हो," वैशाली म्हणाली.

आतून तुमचे आजोबा हसल्याचा आवाज आला. दौलतरावांना हसू आलं नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि दारातून मागे वळून पोरीला म्हणाले, "मंग जाय हिंगणघाटले. शिकून ये, आन सांग मले कशानं चढला ते. तवर माह्यंच खरं."

त्यांना तिला पाठवायचंच होतं आणि निमित्त हवं होतं, की वादात हरणं त्यांना सहन झालं नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. खरं बोलल्यामुळे ती शिकली असं मी तुम्हाला सांगावं, असं मनात येतं. पण भाव चढला नसता तर ते पेढे घेऊन आलेच नसते, आणि मग खरं बोलायची वेळही आली नसती. यात कारण कुठलं, परिणाम कुठला, तुम्हीच पाहा.

ती वेबसाइट मी रेवाच्या फोननंतर शोधली. तिच्या जागी आता काहीच उघडत नाही. प्रवीणनं कॅफे केव्हाच बंद केला. तो आता मोबाइल विकतो. सर निवृत्त झाले. वैशालीनं अर्थशास्त्रात बी.ए. केलं, ती यवतमाळला बँकेत आहे, तिला एक मुलगी आहे. दौलतराव थकलेत, शेती भाच्याकडे दिली आहे. दिवाळीत वैशाली माहेरी जाते आणि जेवण झालं की ओट्यावर विषय निघतो. ती म्हणते, चीननं त्या वर्षी कापूस उचलला म्हणून भाव चढला. ते म्हणतात, "आन चीननं काऊन उचलला? लढाई व्हती म्हून!" मागच्या दिवाळीत त्यांनी फोन लावून मला निकाल विचारला. मी म्हटलं, मला सांगता येत नाही.

तो वाद अजून चालू आहे.

तुमची,
आजी